गरम झाली की बंद पडणारी जुनी बुलेट : कार्बोरेटरवरचा आरोप तपासताना

माझ्याकडे १९८९ सालची ३५० सीसीची बुलेट आहे. इंजिन बिडाचे, इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) पॉइंट आणि कंडेन्सरचे, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर मिकुनी पद्धतीचा व्हीएम २४. या गाडीने मला सलग तीन उन्हाळे एकच त्रास दिला. सकाळी ती दुसऱ्या किकला सुरू व्हायची आणि नागपुरात धरमपेठेतून सीताबर्डीपर्यंत विनातक्रार जायची. पण वर्धा रोडने बुटीबोरीच्या दिशेने पंधरा-वीस किलोमीटर झाले, की आधी पिकअप मरायचा, मग मिसिंग, म्हणजे इंजिनाचे ठोके चुकणे, सुरू व्हायचे आणि शेवटी एखाद्या सिग्नलवर ती बंद पडायची. झाडाखाली वीस-पंचवीस मिनिटे उभी केली, की काहीच झाले नव्हते अशी पुन्हा सुरू व्हायची. प्रत्येक वेळी निदान ठरलेले असायचे : ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला.’ मग कार्बोरेटर उघडून हवा मारली जायची, एअर स्क्रू अर्धा फेरा इकडे किंवा तिकडे फिरवला जायचा, आणि दहा-पंधरा दिवस बरी चालून गाडी पुन्हा त्याच जागी यायची.

एअर स्क्रूखाली स्प्रिंग असते, जेट (पेट्रोलचे माप ठरवणारे बारीक छिद्राचे नळकांडे) पितळेचे असते आणि नीडलची, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या निमुळत्या सुईची, क्लिप खाचेत घट्ट बसलेली असते. यांपैकी काहीही सहसा आपणहून जागा सोडत नाही. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी बरोबर असलेली सेटिंग आज चुकीची ठरत असेल, तर बदल स्क्रूमध्ये नाही, दुसरीकडे कुठेतरी झालेला आहे. तो सापडेपर्यंत स्क्रू फिरवत राहणे म्हणजे एक दोष दुसऱ्या दोषाने झाकणे होय. पुढे मूळ दोष दूर झाला तरी गाडी नीट चालत नाही, कारण तोवर कार्बोरेटरही खरोखरच बिघडवून ठेवलेला असतो. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

बंद पडलेल्या क्षणी काय पाहावे

या त्रासात सर्वांत मोठी अडचण अशी, की गाडी थंड झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. आपण ती ढकलत गॅरेजपर्यंत नेतो, तोवर ती बरी झालेली असते आणि मेकॅनिकला दोष दिसतच नाही. त्यामुळे पहिली तपासणी रस्त्याच्या कडेला, गाडी तापलेली आणि बंद असतानाच करावी लागते. त्यासाठी प्लगपाना, एक जादा प्लग आणि एक पेचकस एवढे सामान पुरते.

प्रथम टाकीचे झाकण उघडून कान द्यावा. ‘फुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे. पेट्रोल खाली उतरते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही किलोमीटरनंतर प्रवाह थांबतो. नागपूरच्या उन्हाळ्यातली धूळ आणि गाडी धुताना झाकणावर बसलेला मळ एवढ्या कारणाने हे घडू शकते. झाकण स्वच्छ केले की काम संपते.

झाकण निर्दोष असेल, तर फ्लोट बाउलचा, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा, खालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल बाटलीच्या झाकणात घ्यावे. बाउल भरलेला असेल, तर पेट्रोल पोहोचत आहे. रिकामा असेल, तर टाकीखालचा कॉक, पाइप आणि बाउलमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई यांकडे वळावे. सांडलेले पेट्रोल पूर्ण वाळू द्यावे आणि बाटलीचे झाकण दूर नेऊन ठेवावे, कारण यापुढची तपासणी ठिणगीची आहे. जादा प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा, तो प्लगच्या उघड्या छिद्रापासून लांब धरावा आणि किक मारावी. थंड गाडीत निळसर, कडक आवाजाची ठिणगी दिसते. माझ्या गाडीत गरम असताना ती पिवळी, बारीक आणि अधूनमधून गायब होणारी होती. तीन उन्हाळे कार्बोरेटरवर चाललेला खटला त्या एका किकने निकाली निघाला.

पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग

पॉइंट हा उघडताच प्लगला ठिणगी मिळवून देणारा स्विच आणि कंडेन्सर हा पॉइंटमधली नको असलेली ठिणगी दाबणारा भाग. बुलेटचा कंडेन्सर डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंटच्या डबीच्या) आत, पॉइंटच्या शेजारी बसतो आणि इंजिनाची उष्णता थेट झेलतो. तो आतून खराब होऊ लागला, की थंड असताना काम करतो आणि तापल्यावर साथ सोडतो. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठळक ठिणगी दिसणे आणि पॉइंटचे तोंड काळे पडून एका बाजूला खड्डा व दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार होणे, ही त्याची लक्षणे आहेत. कंडेन्सर घरी मोजत बसण्यापेक्षा चांगला कंडेन्सर बसवून पाहणे हीच खात्रीची चाचणी आहे. मी तो बदलला आणि मे महिन्यात, नवतपाच्या (उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांच्या) दुपारी, बुटीबोरीपर्यंत जाऊन न थांबता परत आलो. इग्निशन कॉइलही तापल्यावर अशीच दगा देते. म्हणून नव्या कंडेन्सरने फरक पडला नाही, तर दुसरी कॉइल तात्पुरती जोडून पाहावी.

पॉइंटचे अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे आणि ते फीलर गेजनेच (जाडी मोजण्याच्या पट्ट्यांनी) मोजावे. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तोंडे घासल्यावर स्वच्छ कागद त्यांच्यामधून ओढून घ्यावा, कारण मागे राहिलेली भुकटी किंवा तेलाचा अंश हे मिसिंगचे स्वतंत्र कारण ठरते. अंतर बदलले की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, बदलते, म्हणून आधी अंतर आणि मग टायमिंग हा क्रम सोडू नये. कंप्रेशन स्ट्रोकवर पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी ०.८ मिलिमीटर असताना, ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असेल तेव्हा, पॉइंट नुकतेच उघडू लागले पाहिजेत. चावी चालू ठेवून इंजिन हळूहळू फिरवले, तर पॉइंट उघडताच अँपिअर मीटरचा काटा शून्याकडे परततो. पॉइंटमध्ये धरलेला तलम कागद ज्या क्षणी सुटतो, तो क्षणही तेच सांगतो.

ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंगांकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मला ही मोठी चूक वाटते. त्या ढिल्या झाल्या, की स्लोवरच, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद वेगावरच, टायमिंग पुढे सरकते आणि इंजिनाचा वेग वाढतो. वेग वाढला की टायमिंग आणखी पुढे जाते. मग स्लो कमी करण्यासाठी स्क्रू मागे घेतला, की गाडी एकदम बंद पडते. हा चढउतार हुबेहूब कार्बोरेटरच्या दोषासारखा दिसतो.

टॅपेटचे काम तुलनेने सोपे आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, कंप्रेशनच्या वरच्या टोकावर, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बोटांनी सहज फिरला पाहिजे, परंतु वर-खाली हलता कामा नये. तो घट्ट असेल, तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि स्लो टिकत नाही.

फटीतून शिरणारी हवा

कंडेन्सरने गाडी बंद पडणे थांबवले, पण दुसरी तक्रार शिल्लक राहिली, आणि ती वेगळी होती हे मला तेव्हाच कळले. गाडी तापली की स्लो आपोआप वाढायचा, थ्रॉटल सोडल्यावर इंजिन लगेच खाली यायचे नाही आणि उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. ही पातळ मिश्रणाची, म्हणजे पेट्रोलच्या मानाने जास्त हवेची लक्षणे आहेत.

माझ्या गाडीचा कार्बोरेटर दोन स्टडवर फ्लँजने (सपाट जोडकडेने) बसतो आणि त्याच्या व हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) मध्ये उष्णता रोखणारा जाड स्पेसर असतो. कार्बोरेटरची बॉडी मऊ मिश्रधातूची असते. गळती थांबावी म्हणून नट जोर लावून आवळले, की फ्लँजचे दोन्ही कान पुढे वाकतात आणि मधला भाग हेडपासून सुटतो. मग गळती वाढते, त्यामुळे नट आणखी आवळला जातो आणि फ्लँज आणखी वाकते. फट आहे की नाही हे पाहण्यासाठी गाडी स्लोवर ठेवून जोडाच्या कडेला ड्रॉपरने इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब सोडावेत. वेग क्षणभर बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे वापरतात. तापलेल्या बिडाच्या सिलिंडरजवळ तो धोका मी पत्करत नाही आणि कोणीही पत्करू नये.

कार्बोरेटर काढून फ्लँज जाड काचेच्या तुकड्यावर टेकवली आणि मागून उजेड धरला, तर वाकडेपणा डोळ्यांनी दिसतो. माझ्या फ्लँजच्या मधोमध ०.१५ मिलिमीटरची पट्टी सहज शिरत होती. काचेवर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून, फ्लँज त्यावर आठच्या आकड्यात हलक्या हाताने फिरवत मी ती सपाट केली. हे काम तासाभराचे आहे आणि त्यात घाई करू नये, कारण एका बाजूला दाब जास्त पडला, तर फ्लँज तिरपी होते. त्यानंतर नवी ओ-रिंग बसवावी, स्पेसरचीही दोन्ही तोंडे तपासावीत आणि दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे, केवळ बसतील इतकेच, आवळावेत.

हा स्पेसर काढून टाकलेल्या गाड्याही मी पाहिल्या आहेत. तो नसला, की हेडची उष्णता थेट बाउलपर्यंत पोहोचते आणि उन्हात गाडी थांबवल्यावर आतले पेट्रोल उकळू लागते. तशा वेळी चोक न लावता, थ्रॉटल पाव ते अर्धा उघडा ठेवून किक मारली, तर गाडी सहसा सुरू होते. पेट्रोलचा पाइप सिलिंडरच्या पंख्यांना (फिन्सना) टेकलेला नसावा. टाकी वर आणि कार्बोरेटर खाली अशा गाडीत प्लॅस्टिकचा मोठा फिल्टर आडवा लावला, तर त्यात वाफेचा बुडबुडा अडकून प्रवाह मंदावतो. कॉकमधली जाळी चांगली असेल, तर वेगळ्या फिल्टरची गरज पडत नाही.

आता कार्बोरेटर

यानंतरच कार्बोरेटर उघडावा. उघडताना जेटमधून तार घालू नये, ही विनंती मी प्रत्येक गॅरेजमध्ये करतो. पायलट जेटचे छिद्र अगदी सूक्ष्म असते. तारेने ते किंचित मोठे किंवा अंडाकृती झाले, तर त्यावरचा आकडा खोटा ठरतो आणि पुढची कोणतीही सेटिंग जुळत नाही. एका गॅरेजमध्ये माझ्या मेन जेटला असेच ‘मोकळे’ केले गेले होते. त्यानंतर सहा महिने प्लग काळा का पडतो, याचा शोध मी भलतीकडेच घेत होतो. जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवावे, कॉम्प्रेसरची हवा दोन्ही बाजूंनी मारावी आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का, हे पाहावे. शंका असेल, तर नवे जेट घ्यावे. ते महाग नसते.

फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल चरा पडला असेल, तर ती पेट्रोल पूर्ण अडवत नाही, बाउलमधली पातळी वाढते आणि मिश्रण सर्वच वेगांना घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते. फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले आहे का, तेही तपासावे. पातळी चुकीची असताना जेट बदलण्यात काहीच अर्थ नाही.

पेट्रोलचा विचार येथे टाळता येत नाही. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण झाले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. या मिश्रणासाठी सुमारे १३.५ भाग पुरते. फ्युएल इंजेक्शनची गाडी हा फरक स्वतः ओळखून भरून काढते. कार्बोरेटरला ती सोय नाही, त्यामुळे जुन्याच जेटवर गाडी जवळपास आठ टक्के पातळ चालते. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते, जुने रबर फुगवते आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बाउलमध्ये पांढरट-हिरवट थर धरतो. त्यात पहिला बळी पायलट जेटचा जातो. गाडी आठवड्याहून अधिक उभी राहणार असेल, तर मी कॉक बंद करून बाउल रिकामा करतो.

नागपूरच्या हवामानाचा परिणाम यात मिसळतो, आणि त्याबद्दलची सर्वसाधारण समजूत मला उलटी आढळली. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून मिश्रण पातळ झाले असावे, असे मानले जाते. प्रत्यक्षात ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ ११ टक्के विरळ असते, आणि त्याच जेटवर मिश्रण सुमारे सहा टक्के घट्ट होते. म्हणजे मे महिन्यात इथेनॉलमुळे आलेला पातळपणा उष्ण हवा बराचसा झाकून टाकते. डिसेंबरच्या पहाटे मात्र दाट हवा आणि इथेनॉल दोन्ही मिळून मिश्रण पातळ करतात. मे महिन्यात जुळवलेली गाडी डिसेंबरात सेमिनरी हिल्सच्या चढावर खोकते, यात काही गूढ नाही.

सेटिंग करताना थ्रॉटलची मूठ आणि स्विचचा भाग यांवर चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात, कारण प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा आहे. सुरुवातीच्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पाव थ्रॉटलपर्यंत थ्रॉटलने वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा तिरका काप, पावपासून पाऊणपर्यंत नीडल आणि त्यापुढे मेन जेट यांचा प्रभाव असतो. त्रास कोणत्या खुणेवर होतो, हे आधी कागदावर लिहावे. अर्ध्या थ्रॉटलवर अडखळणाऱ्या गाडीचा एअर स्क्रू फिरवून काहीही साधत नाही.

मेन जेटपासून सुरुवात करावी. पूर्ण थ्रॉटलची चाचणी शहरात होत नाही आणि समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगी नाही. मी पहाटे अमरावती रोडवर वाडीच्या बरेच पुढे जातो. नव्या प्लगवर, मोकळ्या रस्त्याला काही क्षण पूर्ण थ्रॉटल ठेवून, क्लच दाबत चावी बंद करावी आणि गाडी तशीच कडेला आणून प्लग काढावा. पांढरा प्लग पातळ मिश्रण दाखवतो आणि काजळीचा काळा प्लग घट्ट मिश्रण दाखवतो. तांबूस किंवा फिकट कॉफीचा रंग योग्य. आजच्या पेट्रोलवर तो पूर्वीपेक्षा थोडा फिकटच येतो. जेट एका वेळी एकच आकडा बदलावे. त्यानंतर नीडल : क्लिप खालच्या खाचेत नेली की नीडल वर येते आणि मिश्रण घट्ट होते, वरच्या खाचेत नेली की पातळ होते.

एअर स्क्रू सर्वांत शेवटी. इंजिन पूर्ण तापलेले आणि एअर फिल्टर जागेवर असला पाहिजे. स्क्रू हलकेच शेवटपर्यंत आत घ्यावा, दीड फेरा बाहेर काढावा, मग पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिनाचा वेग जास्तीत जास्त कुठे होतो ते शोधावे आणि स्लोच्या स्क्रूने वेग खाली आणावा. व्हीएम कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू हवा नियंत्रित करतो, म्हणून आत घेतल्यास मिश्रण घट्ट होते. स्क्रू पूर्ण आत जाऊनही गाडी पातळ वाटत असेल, तर पायलट जेट एक आकडा मोठे हवे किंवा हवेची फट अजून शिल्लक आहे. तीन फेऱ्यांहून अधिक बाहेर काढावा लागत असेल, तर जेट मोठे झाले आहे किंवा बाउलची पातळी वर आहे.

जुनी येझदी किंवा आरएक्स १०० असलेल्यांनी पातळ मिश्रणाकडे अधिकच गांभीर्याने पाहावे. टू-स्ट्रोकमध्ये ते पिस्टन जाम करू शकते, आणि तापल्यावर स्लो वाढत असेल तर क्रँकचे ऑइल सील आधी तपासावे, कारण तिथली गळती कोणत्याही स्क्रूने भरून निघत नाही.

माझ्या गाडीत आता मेन जेट मूळच्यापेक्षा एक आकडा मोठे आहे, नीडल वरून चौथ्या खाचेत आहे आणि एअर स्क्रू उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात सव्वा फेरा बाहेर असतो. गाडी बंद पडत नाही. स्लाइड मात्र बॉडीत बोटाने खुळखुळते. तिच्या बाजूने शिरणाऱ्या हवेमुळे स्लो अजूनही कधीकधी किंचित वर-खाली होतो. नुसती नवी स्लाइड घालून हे जाणार नाही, कारण बॉडीही झिजली आहे. म्हणून दोन्ही एकदम बदलायचे आहेत, आणि त्यानंतर ही सगळी सेटिंग मेन जेटपासून पुन्हा करावी लागेल.